नवीन टेक्निकल सरकारी हायस्कूलमध्ये मुलांना घालायचंय? आधी वर्कशॉप बघा, मग फॉर्म भरा

शाळा बघायला जाणार असाल तर सुट्टीत जाऊ नका आणि शनिवारीही नको, मधल्या कुठल्या तरी दिवशी तास चालू असताना जा. आणि गेल्यावर ऑफिसात चहा घेत बसू नका, सरळ सांगा की आम्हाला वर्कशॉप आणि लॅब बघायचीय, मुलं काम करत असताना. पाच मिनिटांत "या, बघा" म्हणाले तर निम्मं काम झालं. "आज किल्ली नाहीये, सर रजेवर आहेत" असं म्हणाले तर परत एकदा जा, आणि दुसऱ्यांदाही किल्ली नसेल तर मग समजून घ्या.

मी बडोद्यातच वाढलो, दांडिया बाजारात, आणि गेली २२ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत म्हणजे औद्योगिक वसाहतीत, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये आहे. दरवर्षी आमच्याकडे आयटीआय आणि डिप्लोमाची पोरं ट्रेनी म्हणून येतात, त्यांना हाताशी धरून शिकवायचं काम माझ्याकडेच असतं. म्हणून गेल्या वर्षी ताईने विचारलं की आमच्या बाजूला नवीन सरकारी हायस्कूल झालंय, नववीपासून टेक्नॉलॉजी आणि करियरचे विषय आहेत, आठवी झालेल्या पोरीला घालू का, तेव्हा मी म्हटलं थांब, नुसती बिल्डिंग बघून हो म्हणू नकोस, मी येतो बरोबर. मग आम्ही एक नाही तीन शाळा बघितल्या, भाचीला घेऊन. त्यातून जे समजलं आणि २२ वर्षांत पोरांबरोबर काम करून जे समजलं ते सगळं इथे लिहितोय, कारण आपल्याकडे बऱ्याच घरी हाच प्रश्न चालू आहे.

वर्कशॉपवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता, हुशार, मार्क चांगले. मी त्याच्या हातात एक घासलेली गोल पिन दिली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन दिलं, म्हटलं माप सांग. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, विचारलं तर लगेच म्हणाला ०.०२ मिलिमीटर, बरोबर. फॉर्म्युला पण पाठ. पण व्हर्नियर धरला असा की जबडे तिरके, आणि वर अंगठ्याने करकचून दाबला, प्रत्येक वेळी माप वेगळं. पाच वेळा मोजलं, पाच मापं. झीरो एरर, म्हणजे जबडे मिटल्यावर शून्य बरोबर येतं का, ते तर बघितलंच नाही. मी विचारलं शाळेत मोजायला मिळालं नाही का, तर म्हणाला सर एकच व्हर्नियर होता, कपाटात असायचा, परीक्षेच्या दिवशी बाहेर काढायचे. त्या पोराचा काय दोष सांगा, दोन वर्षं त्याने एका वस्तूचं चित्र पाठ केलं. तीन आठवड्यांत तो शिकला, आज आमच्या इथे इन्स्पेक्शनला आहे, पण ते तीन आठवडे त्याला रोज वाटायचं की आपल्याला काहीच येत नाही, आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो. हे चौदाव्या वर्षी शाळेत झालं असतं तर त्याला लाज वाटली नसती.

तर वर्कशॉपमध्ये गेल्यावर काय बघायचं. नवं कोरं, चकचकीत दिसलं तर खूश होऊ नका. मी वापराच्या खुणा बघतो. कानशीच्या दात्यांत लोखंडाचा भुगा अडकलेला आहे का, व्हाइसच्या जबड्यावर चरे आहेत का, सोल्डरिंग आयर्नचं टोक काळं पडलंय का, सर्किट जोडायच्या ब्रेडबोर्डची भोकं ढिली झालीत का, ड्रिल मशीनच्या खाली ट्रेमध्ये काही सांडलंय का. आम्ही बघितलेल्या पहिल्या शाळेत थ्रीडी प्रिंटर होता, त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर पण काढलेलं नव्हतं. दुसऱ्या शाळेत मशिनं कमी होती, साधी होती, पण भिंतीला मुलांनी केलेले जॉब, म्हणजे घडवलेले तुकडे, टांगलेले, त्यातले दोन चक्क वाकडे, आणि खाली नावं लिहिलेली. वाकडा जॉब भिंतीवर लावणारा मास्तर मला एकदम पटला, कारण तिथे चुकायची भीती नसते. भाची तिथेच रेंगाळली, एक गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, हातात घेऊन म्हणाली, "मामा, याला मधे खाच कशाला असते?" सर स्वतः पुढे आले आणि तिला म्हणाले, हा तुकडा घाल त्यात, बसतो का बघ. तिने घातला. एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने अडला. गो म्हणजे जायला पाहिजे ती बाजू आणि नो-गो म्हणजे अडायला पाहिजे ती, हे तिला कोणी सांगावंच लागलं नाही.

मग एक रजिस्टर मागा, कंझ्युमेबल्सचं. म्हणजे संपणाऱ्या सामानाचं, हॅकसॉ ब्लेड, वेल्डिंग रॉड, सोल्डर वायर, थ्रीडी प्रिंटरची फिलामेंट, एलईडी, पॉलिश पेपर. हे महिन्या दोन महिन्यांनी संपायला पाहिजे आणि परत यायला पाहिजे. मशीन एकदा ग्रँटमधून येतं पण ब्लेड रोज लागतं, आणि शाळा अडतात त्या ब्लेडवर. बऱ्याच शाळांत अटल टिंकरिंग लॅब असते, नीती आयोगाची योजना, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. त्यात शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, १० लाख लॅब उभी करायला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. म्हणून विचारा की लॅब कुठल्या वर्षी सुरू झाली आणि पाच वर्षं संपल्यावर सामानाचा खर्च कोण करतंय. प्रश्न आगाऊ वाटेल पण चांगले प्रिन्सिपॉल रागावत नाहीत, उलट मन मोकळं करतात, आम्हाला एका मॅडमनी अर्धा तास सांगितलं की त्या आजूबाजूच्या कारखान्यांतून स्क्रॅपचे तुकडे कसे मागून आणतात.

किती मुलांमागे किती स्टेशन, म्हणजे काम करायच्या जागा, हेही मोजा, स्वतः मोजा. ४० मुलं आणि चार कॉम्प्युटर असतील तर तुमच्या मुलाचा हात आठवड्यातून किती वेळ कीबोर्डवर जाईल ते तोंडी हिशोब होतो. बॅच पाडतात का ते विचारा, बॅच पाडत असतील तर कमी सामानातही भागतं.

आता ट्रेनर. सरकारी आणि ग्रांटेड म्हणजे अनुदानित शाळांत जे व्होकेशनल विषय असतात, ऑटोमोटिव्ह, इलेक्ट्रॉनिक्स, हेल्थकेअर, ब्युटी, रिटेल, शेती वगैरे, ते एनएसक्यूएफ म्हणजे राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसवलेले असतात, आणि ते शिकवणारे ट्रेनर खूपदा एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर असतात. कॉन्ट्रॅक्टवर असणं वाईट नाही, त्यातले कितीतरी जण इंडस्ट्रीतून आलेले आणि जीव तोडून शिकवणारे असतात, पण वर्षाच्या मधे कॉन्ट्रॅक्ट संपलं की दोन तीन महिने तास रिकामा जातो. म्हणून विचारा की गेल्या वर्षी हाच ट्रेनर होता का, आणि मधे किती दिवस कोणीच नव्हतं. शक्य असेल तर गेटबाहेर मुलांना विचारा, मुलं खरं सांगतात. नवीन शाळा असेल तर मागचं वर्षच नसतं, तेव्हा ट्रेनरची नेमणूक झालीय का "होणार आहे" एवढंच बघा. होणार आहे म्हणाले तर जूनमध्ये परत चक्कर मारा.

या सगळ्यात घरातली एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे आजी-आजोबा किंवा शेजारी म्हणतात टेक्निकल शाळा म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांची. मला हे ऐकून वाईट वाटतं, आणि बडोद्यात तर जास्तच वाटतं. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि तिथे रंगाईपासून यंत्रकामापर्यंत शिकवायचे, आणि तेही आपल्या भाषेतून शिकवायचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकलेत. आज युनिव्हर्सिटीची इंजिनियरिंग फॅकल्टी त्याच कलाभवनात आहे. ज्या राज्यात १९०६ मध्ये सगळीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं त्याच राजाने हाताचं शिक्षण पण तितकंच महत्त्वाचं मानलं. हे आजोबांना सांगा, आमच्या भाऊजींचे वडील हे ऐकून गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नातीबरोबर शाळा बघायला आले.

पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच लोक फसतात. करियर पाथवे हा शब्द ऐकायला छान आहे पण तो रस्ता पुढे कुठे कुठे फुटतो ते कागदावर काढून घ्या, शाळेतच बसून, त्यांच्याकडून. दहावीनंतर साधारण तीन वाटा. एक, अकरावी-बारावी सायन्स, त्यात ए ग्रुप म्हणजे मॅथ्स आणि बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी. ए ग्रुपने पुढे बी.ई.ला जायचं तर गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, गुजरातच्या इंजिनियरिंग मेरिटमध्ये बोर्डाचे पीसीएमचे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे ५० टक्के आणि गुजसेटचे ५० टक्के धरतात. दोन, डिप्लोमा, तीन वर्षांचा, दहावीच्या मार्कांवर, आणि त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं ज्याला इथे सगळे डीटूडी म्हणजे डिप्लोमा टू डिग्री म्हणतात, त्यासाठी २०२४ पासून डीडीसीईटी नावाची परीक्षा सुरू झालीय. तीन, आयटीआय, आपल्याकडे गोरवा आणि तरसाली दोन्ही मोठ्या आहेत, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वेल्डर किंवा कोपा म्हणजे कॉम्प्युटरवालं एक वर्ष. आणि आयटीआय करूनही वाट बंद होत नाही, दोन वर्षांच्या ट्रेडवरून सी टू डी, म्हणजे सर्टिफिकेट टू डिप्लोमा, करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या हाताखालचा एक जण गोरव्यातून फिटर झाला, मग डिप्लोमा, मग नोकरी करता करता डिग्री, वेळ लागला पण आज डिझाइनमध्ये बसतो.

मी का सांगतोय हे, तर चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला विषय त्याची कुठलीही वाट बंद करता कामा नये. शाळेला हाच एक प्रश्न विचारा, की तुमच्याकडे ऑटोमोटिव्ह घेतलं आणि दहावीनंतर माझ्या मुलीला वाटलं की आपल्याला सायन्स घ्यायचंय, तर काय अडेल? नीट उत्तर आलं पाहिजे, विषयवार.

आणि इथेच मॅथ्सचं बघा. गुजरात बोर्डाला दहावीत गणिताचे दोन प्रकार आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक, आणि बोर्डाचा फॉर्म भरताना त्यातला एक निवडावा लागतो. पुस्तक एकच, पेपर वेगळा. निकाल चांगला दिसावा म्हणून कधी कधी मुलांना सरसकट बेसिक भरायला लावतात आणि घरी कोणाला पत्ता नसतो. आमच्या ओळखीत एका घरी हेच झालं, निकालाच्या दिवशी पेढे वाटले आणि अकरावीच्या ए ग्रुपच्या अ‍ॅडमिशनला गेल्यावर कळलं की बेसिक आहे, तेव्हाच्या नियमाने अडलं. हा नियम बदलत असतो, म्हणून सध्या काय आहे ते विचारून घ्या. मुलगी रडरड रडली. ज्याला मशीन, कॉम्प्युटर, इंजिनियरिंग यातलं काहीही करायचंय त्याने स्टँडर्डच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, मार्क थोडे कमी आले तरी चालतील. फॉर्मची प्रिंट घरी आणा आणि सही करायच्या आधी गणिताच्या समोर काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. सीबीएसई शाळा असेल तर तिथला नियम वेगळा, तिथे स्किल सब्जेक्ट सहावा विषय म्हणून घेता येतो आणि सायन्स, मॅथ्स, सोशल सायन्स यातल्या एकात नापास झालं तर तो त्या जागी धरला जातो, पण तुम्ही मॅथ्सच्या जागी तो धरायला लावलात तर पुढे मॅथ्स लागणाऱ्या कोर्सला परत तेच अडणार.

कंपन्यांच्या नावांनी भुलू नका, ते एक सांगायचंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना सुरू झाला, ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार, जवळच्या सावली गावात मेट्रोचे डबे बनतात, आपल्याला अभिमान वाटायलाच पाहिजे. पण म्हणून कोणी सांगितलं की आमच्या शाळेतून थेट विमानाच्या कारखान्यात नोकरी, तर विचारा की कुठल्या कामाला आणि कुठल्या सर्टिफिकेटवर. अशा ठिकाणी माणूस घेताना ड्रॉइंग वाचता येतं का, माप घेता येतं का, जे केलं ते लिहून ठेवायची सवय आहे का, हे बघतात, आणि ह्या तिन्ही गोष्टी शाळेत शिकवता येतात, छोट्या वर्कशॉपमध्ये सुद्धा.

कंपनी व्हिजिट असेल तर व्हिजिटनंतर मुलं काय लिहितात ते बघायला मागा. आमच्याकडे शाळांच्या सहली येतात, ५० मुलं, २० मिनिटं, फोटो, संपलं, कोणाला काही ऐकू पण येत नाही मशीनच्या आवाजात. एकदा मात्र एक मास्तर फक्त आठ मुलं घेऊन आले, प्रत्येकाला एकच काम दिलेलं, एक पार्ट निवडा आणि तो कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत कुठे कुठे फिरतो ते लिहा. ती मुलं तीन तास थांबली आणि आमच्या स्टोअरवाल्याला पण प्रश्न विचारून गेली. इंटर्नशिप असेल तर आधी सेफ्टीचं विचारा, बूट आणि चष्मा कोण देणार, बरोबर कोण असणार, चालत्या मशीनवर मुलाला एकटं उभं करणार नाहीत ना. यात भीड ठेवू नका. सैल ओढणी, मोकळे केस, हातातलं कडं, हे घरूनच काढून पाठवायची सवय लावा, मी एकदा ड्रिलमध्ये बाही अडकताना बघितलीय, माणूस वाचला पण शर्टाची बाही खांद्यापासून फाटून गेली होती.

मुलींबद्दल वेगळं सांगतो कारण शाळा बघायला गेल्यावर दोन ठिकाणी आम्हाला न विचारताच ब्युटी नाहीतर शिवणाचा विषय दाखवला. ते विषय चांगले आहेत, त्यात स्वतःचं काम उभं करता येतं, पण निवड मुलीची पाहिजे. भाचीने इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय. तिच्या बॅचमध्ये मुली कमी आहेत म्हणून आम्ही तीन घरांनी मिळून एकाच भागातल्या तिघींना एकत्र घातलं, येणं-जाणं एकत्र, आणि वर्कशॉपमध्येही एकमेकींचा आधार.

पैशाचं. सरकारी शाळेत फी नावापुरती असते पण बूट, अ‍ॅप्रन, बस हे लागतंच. नववी ते बारावीच्या मुलींसाठी नमो लक्ष्मी योजना आहे, २०२४ पासून, चार वर्षांत मिळून ५० हजार. नववी-दहावीला वर्षातले १० महिने ५०० रुपये आणि दहावी पास झाल्यावर १० हजार, अकरावी-बारावीला महिन्याला ७५० आणि बारावी पास झाल्यावर १५ हजार. हजेरी ८० टक्के लागते, आणि पैसे आईच्या खात्यात येतात त्यामुळे आईचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते आत्ताच बघून घ्या. अकरावी सायन्सला गेलं तर नमो सरस्वती आहे, मुलांना पण मिळते, दोन वर्षांत मिळून २५ हजार. आणि डिप्लोमाला जाताना एमवायएसवाय म्हणजे मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना बघा, घरची आवक म्हणजे उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत आणि दहावीला ८० पर्सेंटाइल असतील तर ट्यूशन फीच्या निम्मे किंवा २५ हजार, यातलं जे कमी असेल ते मिळतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, तर शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा, हे लक्षात ठेवा, मार्कशीटवर दोन्ही वेगवेगळे छापलेले असतात, टक्के ८० पेक्षा कमी असूनही पर्सेंटाइल ८० च्या वर असू शकतात, त्यामुळे आपल्याला मिळणारच नाही असं धरून फॉर्म न भरता बसू नका.

भाषेचं थोडं. घरी मराठी, बाहेर गुजराती, पुस्तक कधी इंग्रजी, आपली मुलं यात मस्त पोहतात, काळजी करू नका. फक्त ड्रॉइंग आणि मशीनवर सगळं इंग्रजीत असतं, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने करायला सांगा, इंग्रजी शब्द, वर्कशॉपमध्ये म्हणतात तो शब्द, आणि आपण घरी काय म्हणू तो. भाचीच्या वहीत फाइल, कानस आणि तिसऱ्या रकान्यात "आजोबांची खरखरी" असं लिहिलंय.

शेवटी कागद, कारण अ‍ॅडमिशनच्या दिवशी इथेच धावपळ होते. आठवीची मार्कशीट, एलसी, आधार, बँक पासबुक, आवकचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. आवकचा दाखला मामलतदार कचेरीतल्या जनसेवा केंद्रातून निघतो, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते, एप्रिलमध्येच काढून ठेवा. आणि आपल्या मराठी लोकांचा इथला नेहमीचा घोळ म्हणजे नाव. आधारवर एक स्पेलिंग, एलसीवर दुसरं, गुजराती कागदावर तिसरं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी, वडिलांच्या नावाला कुठे "राव" आहे कुठे "भाई" लागलंय. हे नववीच्या अ‍ॅडमिशनलाच एकसारखं करून घ्या, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, कारण दहावीच्या मार्कशीटवर तेच छापून येतं आणि एकदा तिथे आलं की बदलायला फार हेलपाटे पडतात. क्लार्क रजिस्टरमध्ये लिहीत असतील तेव्हा आधार कार्ड त्यांच्या समोर धरून एकेक अक्षर म्हणून दाखवा, आणि लिहून झालं की त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.